मंगळवेढ्याची ज्वारी आणि घरातील ज्येष्ठांची भाकरी

पंढरपूरला आपले जाणे अनेकदा झाले असेल. तेथून मंगळवेढे सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. सोलापूरहून यावयाचे तर सुमारे ५५. तरीही विठ्ठलाचे दर्शन आटोपलेल्या गाड्या सहसा परतीच्याच वाटेला लागतात. पुढल्या खेपेस थोडी वाकडी वाट करावी, आणि शक्य तर ती जानेवारीत करावी. तेव्हा आषाढी-कार्तिकीची गर्दी नसते, ऊन सोसवते, गुडघे दुखणाऱ्या माणसालाही तासभर उघड्यावर बसवते, आणि मुख्य म्हणजे जे पाहण्यासाठी जायचे ते त्या वेळी रानात उभे असते.

ते म्हणजे ज्वारी. भीमा आणि माण या नद्यांच्या परिसरातील ही जमीन काळी, खोल आणि दूरवर सपाट आहे. मधे झाड क्वचितच दिसते. पुरुषभर उंचीची ताटे, त्यांवर भरत आलेली कणसे, आणि वारा सुटला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जाणारी सळसळ, एवढेच येथे पाहायला आहे. पर्यटनाच्या जाहिरातीत शोभेल असे काही नाही. पण ज्यांनी आयुष्याची साठ-सत्तर वर्षे या धान्याची भाकरी खाल्ली, त्यांनी ती उगवते कोठे, हे एकदा पाहून घ्यावे. ज्येष्ठांना सोबत नेत असाल तर रानात शिरण्याऐवजी रस्त्याकडेच्या बांधावरच खुर्ची टाकावी. ही माती वाळताना तिला रुंद भेगा पडतात. त्यांत काठीचे टोक अडकते आणि ढेकळांवर पाय मुरगळतो.

गाव जुने आहे. कलचुरी राजांची राजधानी एके काळी येथे होती, आणि बसवेश्वरांच्या आयुष्यातील काही काळ येथे गेला असे मानले जाते. संत कान्होपात्रा येथलीच. चोखोबांचा अंतही येथेच झाला. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते व त्यांचे सोबती गाडले गेले, असे परंपरा सांगते. परंतु ज्वारीच्या संदर्भात मंगळवेढ्याचे नाव घेतले की आठवतात ते दामाजीपंत. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी राजवटीचे ते येथील अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, आणि बादशहाचा कोप झाला तेव्हा विठू महाराच्या रूपात स्वतः विठ्ठलाने बिदरला जाऊन धान्याचे मोल चुकते केले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडू. दुष्काळात उघडता येतील अशी भरलेली कोठारे या गावाजवळ होती, हा त्या कथेतला जमिनीशी निगडित भाग आहे. ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढ्याची ओळख आजही सांगितली जाते.

दुष्काळ आणि ज्वारी यांचे नाते सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९७२ साली रेशनच्या दुकानांतून अमेरिकेहून आलेला लालसर मिलो मिळू लागला. तीही ज्वारीच होती, केवळ दुसऱ्या मातीची आणि दुसऱ्या जातीची. खडी फोडण्याच्या कामांवर गेलेल्या माणसांना त्या मिलोने आणि सुकडीने जगवले, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. तरीसुद्धा त्या भाकरीची आठवण काढताच घरातील वडीलधाऱ्यांचा चेहरा कसा होतो, ते आपण पाहिले असेल. धान्याचे नाव एक असून चालत नाही. ते कोठले, यावर पुष्कळ अवलंबून असते, हे त्या पिढीला कायदा येण्याच्या कितीतरी आधी कळले होते.

मंगळवेढ्याच्या दाण्यात वेगळे काय, याचे उत्तर पेरणीच्या वेळेत सापडते. ही रब्बीची ज्वारी. पावसाळाभर काळी जमीन पाणी पीत राहते, आणि पाऊस ओसरू लागला की हस्ताच्या सुमारास पेरणी होते. त्यानंतर पिकाला वरून बहुधा काहीच मिळत नाही. मातीने पोटात धरून ठेवलेली ओल आणि पहाटेचे दव, एवढ्यावर ताट वाढते. कोळपणी करून भेगा बुजवीत राहायचे, म्हणजे ती ओल उडून जात नाही. खरिपाच्या ज्वारीचा दाणा भरण्याच्या वेळी पाऊस येतो, बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. रब्बीचा दाणा मात्र कोरड्या थंडीत आणि पुढे उन्हात पिकतो. म्हणून तो मोत्यासारखा पांढरा, टपोरा आणि चकचकीत निघतो. मालदांडी हा या भागात रुजलेला वाण. स्वातंत्र्यापूर्वी जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात या स्थानिक वाणातून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ सिद्ध करण्यात आला. नंतर कितीतरी नवे वाण आले, तरी भाकरी आणि कडबा या दोन्ही बाबतींत शेतकरी त्याचेच नाव आधी घेतात. कडब्याचे महत्त्व शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. येथे माणसांची भाकरी आणि जनावरांची वैरण एकाच ताटावर येते, आणि पुष्कळदा शेतकऱ्याचा हिशेब जुळतो तो कडब्यामुळे.

या ज्वारीला २०१६ साली ‘मंगळवेढा ज्वारी’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. व्यवहारात आपण त्याला ‘जीआय’ म्हणतो. यासंबंधीचा कायदा १९९९ चा आहे, तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि त्याची नोंदवही चेन्नईच्या कार्यालयात ठेवली जाते. एखाद्या मालाचा गुण किंवा लौकिक मुख्यतः त्याच्या भूप्रदेशातून आलेला असेल, तर त्या प्रदेशाचे नाव त्या मालासाठी राखून ठेवायचे, हे कायद्याचे सार आहे. दार्जिलिंगचा चहा देशात पहिला ठरला. सोलापूर जिल्ह्यापुरते पाहिले तरी चादर आणि डाळिंब यांना हा मान आहे, आणि कोल्हापुरी चपलेच्या मानांकनात जे आठ जिल्हे येतात त्यांतही सोलापूर आहे. हे मानांकन कोणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचे होत नाही. ते उत्पादकांच्या समूहाचे असते, त्याची विक्री करता येत नाही, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ज्या शेतकऱ्याला ते नाव आपल्या पोत्यावर घालायचे असेल त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यायची असते.

येथे एक बारकावा आहे आणि दुकानात उभे राहिल्यावर तोच आपल्या उपयोगी पडतो. ‘मालदांडी’ हे वाणाचे नाव. ‘मंगळवेढा’ हे जागेचे. मालदांडीचे बी मराठवाड्यात पेरा, अहिल्यानगरकडे पेरा किंवा विजयपूरकडे पेरा, जे येईल ते मालदांडीच, आणि तसे म्हणून विकणाऱ्याचा काही दोष नाही. ती ज्वारी वाईटही नसते. पण तिच्या पोत्यावर ‘मंगळवेढा’ असे छापले तर ते चुकीचे. पुण्यामुंबईच्या दुकानांत ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. कधी अज्ञानाने, तर कधी किलोमागे चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून तर चकचकीत पाकिटांवर गावांची नावे फारच सढळपणे दिसू लागली आहेत. म्हणून विचारावे: ही ज्वारी कोणत्या तालुक्यातली, यंदाची की मागची, आणि विकणाऱ्या शेतकऱ्याकडे किंवा गटाकडे मानांकनाची नोंदणी आहे का? सचोटीचा विक्रेता रागावत नाही.

मानांकनामुळे सारे काही साधले असे मात्र समजू नये. कायदा नावाला कुंपण घालतो; रानात काय पेरायचे, ते तो ठरवीत नाही. जेथे कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस आला, आणि उसासमोर कोरडवाहू ज्वारीचे अर्थकारण टिकणे कठीण आहे. शिवाय काढणीचे कष्ट आहेत. ही ज्वारी मुळासकट हाताने उपटून काढण्याची रीत आहे. कडक झालेल्या काळ्या मातीतून ताट उपसताना तळहात सोलवटतात आणि कंबर धरते. हे काम करणारी माणसे आता म्हातारी झाली, आणि त्यांच्या मुलांना ते नको आहे. त्यांना दोष कसा द्यावा? आपणही आपल्या मुलांना ते करू दिले नसते. राज्यात ज्वारीखालचे क्षेत्र कित्येक वर्षे घटत आले आहे, त्यामागे ही दोन कारणे मोठी आहेत. ज्या नावाला संरक्षण मिळाले त्या नावाचे पीक कोणी घेईनासेच झाले, तर चेन्नईच्या नोंदवहीतील ओळ तेवढी उरेल. जो शेतकरी अजून पेरतो त्याला रास्त दर मिळतो की नाही, यावर बरेच अवलंबून आहे, आणि तो दर शेवटी आपल्या स्वयंपाकघरातून जातो.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण या पाक्षिकाच्या वाचकांचा खरा प्रश्न तेथलाच असतो. मानांकन हे औषधी गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तेवढेच तंतू आणि ३३४ किलोकॅलरी असतात. कोंड्यासह दळलेल्या गव्हाचे आकडे याहून फारसे निराळे नाहीत. तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ‘ज्वारी आहे, कितीही चालेल’ असे मनाशी धरू नये. भाकऱ्या मोजूनच खाव्यात आणि साखरेची तपासणी चालू ठेवावी. ज्वारीत ग्लुटेन नसते, हा मात्र खरा आणि मोठा फरक आहे. सिलिअॅक विकार असलेल्या रुग्णाला गहू पूर्ण वर्ज्य असतो, त्याला ही भाकरी म्हणजे आधारच. परंतु गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचे पीठ जात्यात राहिलेले असते आणि ते आपल्या ज्वारीत उतरते. अशा रुग्णासाठी घरघंटी किंवा निव्वळ ज्वारी-बाजरी दळणारी गिरणीच पाहावी. मंगळवेढ्याहून शुद्ध दाणा आणून तो कोपऱ्यावरच्या गिरणीत भेसळीचा करण्यात अर्थ नाही.

दात नसलेल्या किंवा कवळी वापरणाऱ्या माणसासाठी पिठाचा ताजेपणा सर्वांत महत्त्वाचा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि ती गार झाली की चिवट होते. आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. आधणाच्या पाण्यात पीठ उकडून, मग मळून केलेली भाकरी तासभर मऊ राहते. सोलापूरकडची कडक भाकरी चवीला अप्रतिम. ती आणि शेंगादाण्याची चटणी प्रवासात बरोबर आणालच. पण कवळीवाल्यांनी ती तशीच चावू नये, आमटीत पुरती भिजवून खावी, आणि रक्तदाब असेल तर चटणीतल्या मिठाचा विचार करावा. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. डाळ, उसळ किंवा दूध-ताक सोबत असले की ती उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी पिठल्याबरोबर भाकरी वाढली ती उगीच नव्हे.

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावते. अशा व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्यांना विशेष सांगावेसे वाटते. भाकरी पातळ दुधात कुस्करून देण्याची आपली रीत मायेची असली, तरी पातळ द्रव आणि त्यात तरंगणारे तुकडे असा घास अशा रुग्णाला सांभाळणे कठीण जाते. द्रव आधी घशात उतरतो आणि ठसका लागतो. त्यापेक्षा ज्वारीच्या पिठाची गुठळी नसलेली घट्टसर, एकजीव उकड बरी. रुग्णाला नीट बसवून, चमचा लहान घेऊन, एक घास पूर्ण उतरल्यावरच दुसरा द्यावा. उकड किती घट्ट असावी, हे डॉक्टरांना किंवा गिळण्याचे उपचार देणाऱ्या तज्ज्ञांना विचारून ठरवावे. ज्यांना गिळण्याचा त्रास नाही पण भूक मंदावली आहे, त्यांच्यासाठी ताकातल्या मऊ कण्या किंवा आंबील करून पाहावी. ज्वारीतली प्रथिने शिजवल्यावर पचनाला थोडी कमी उपलब्ध होतात आणि आंबवल्याने त्यात सुधारणा होते, असे अभ्यासांत दिसले आहे. आंबील करणाऱ्या बायकांनी ती अर्थातच तेवढ्यासाठी केली नव्हती. ती थंड वाटते, आंबूस लागते, तोंडाला चव आणते, म्हणून केली. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी धान्याचे प्रमाण आपल्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

जानेवारीत गेलात तर हुरडा समोर येणारच. गुळभेंडी आणि सुरती हे खास हुरड्याचे वाण. कोवळे कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळले की हिरवे, गोडसर दाणे सुटतात. सोबत गूळ, शेव, शेंगादाण्याची चटणी असा बेत असतो, आणि त्यात बसल्या बसल्या किती खाल्ले याचा अंदाज राहत नाही. हिरवा दाणा पचायला जड असतो. वाटीभर पुरे, आणि नीट चावून. कणसाची कूस कवळीखाली अडकते आणि घशाला खवखवते. दम्याच्या माणसाला तर चोळणाऱ्यांपासून आणि धुरापासून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसवावे. दाणे स्वच्छ पाखडून त्यांच्या हातात द्यावेत.

वर्षाची ज्वारी विकत घ्यायची तर मात्र जानेवारीत घाई करू नये. काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. नवे धान्य वाळून बाजारात आले की घ्यावे. जानेवारीच्या भेटीत एखाद्या शेतकऱ्याशी किंवा शेतकरी गटाशी ओळख करून ठेवली, तर ते पुढे पोते पाठवतात आणि मधला दलालही टळतो. घरी आणल्यावर पुन्हा दोन उन्हे द्यावीत, कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालावा आणि डबा कोरड्या जागी ठेवावा. पूर्वी घरोघर पेवे असत, त्यांत धान्य वर्षानुवर्षे टिके. आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यापर्यंतचे घेतले तरी पुष्कळ.

निवडण्याचे काम घरातील ज्येष्ठांकडे द्यावे. खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवावे, पाठीला आधार द्यावा आणि सुपात पावशेरच ज्वारी घालावी. शेरभर घातली तर मान आणि खांदे भरून येतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही हे काम पुष्कळदा जमते, कारण ते डोक्याहून अधिक बोटांच्या लक्षात राहिलेले असते. अशा वेळी शेजारी कोणी तरी बसावे, दाणे तोंडात जात नाहीत ना ते पाहावे, आणि हा दाणा कोठला, हे त्यांनाच विचारून पाहावे.